‘चालतंय ना’ हा पुरावा होत नाही

पायथनमधून सी भाषेतल्या लायब्ररीचं एखादं फंक्शन कॉल करायला काय लागतं, असं आमच्या धंद्यात कुणालाही विचारा. उत्तर येतं, ‘दोन ओळी.’ पहिल्या ओळीत लायब्ररी उघडायची, दुसरीत फंक्शनचं नाव लिहून कंसात किमती द्यायच्या. कंपायलर नको, हेडर फाइल उघडायला नको, सी आलीच पाहिजे असंही नाही. प्रशिक्षणवर्गांत असंच शिकवलं जातं. कोड तपासताना कुणी शंका काढली तर तिला गप्प करणारं वाक्यही ठरलेलं आहे: ‘चालतंय ना? मग झालं.’

मला या वाक्याशी भांडायचं आहे. माझी बरीच वर्षं याच हद्दीवर गेली. अलीकडे पायथन किंवा जावा, पलीकडे सी, आणि मध्ये आम्ही. या हद्दीवर ‘चालतंय’ या शब्दाला काही किंमत नाही. इतरत्र असेल. इथे चुकीचा कोड वर्षानुवर्षं चालतो, बरोबर उत्तरं देतो आणि एक दिवस मशीन बदललं की कोसळतो. तोवर तो लिहिणारा नोकरी बदलून गेलेला असतो.

आधी समोरच्यांचं जे बरोबर आहे ते मान्य करतो. दुसऱ्याची लायब्ररी वापरावी, सगळं नव्याने लिहीत बसू नये, हे त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तुम्ही अँड्रॉइड फोनवर मराठी वाचता तेव्हा अॅप जावात किंवा कोटलिनमध्ये लिहिलेलं असतं. पण ‘कि’मधली वेलांटी, जी मेमरीत ‘क’च्या नंतर असते, ती पडद्यावर ‘क’च्या आधी मांडायची आणि ‘क्ष’, ‘त्र’ नीट जुळवायचे हे काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते. ती आतून सी प्लस प्लसमध्ये आहे, पण बाहेरच्या जगासाठी तिने सीचा दरवाजा ठेवला आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस सगळे त्याच दरवाजाने आत जातात. प्रत्येक भाषेने देवनागरीची जुळणी आपापली लिहायला घेतली असती तर निम्म्या पडद्यांवर आजही वेलांट्या चुकीच्या जागी दिसल्या असत्या. फोनमधला एसक्यूलाइट हा डेटाबेस असाच सीमधला, 2000 सालापासूनचा. सायपाय ज्या लॅपॅकवर आकडेमोड करते ती तर फोरट्रानमधली, 1992 ची. या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला एकच बाजारबोली आहे आणि ती सीची आहे.

तेव्हा वाद सीला बोलवावं की नाही याचा नाही. बोलवताना आपण नेमकं काय करतो, याचा आहे. ‘दोन ओळी’वाल्यांना वाटतं की आपण फंक्शनला हाक मारतो. मी म्हणतो, आपण त्या जागी एक प्रतिज्ञापत्र लिहून देतो, आणि ते तपासणारा तिथे कुणीही नसतो.

सीमध्ये लिहिलेलं फंक्शन कंपाइल होऊन लायब्ररीच्या फाइलीत जातं तेव्हा त्याचं फक्त नाव उरतं. वर्गमूळ काढणाऱ्या ‘एसक्यूआरटी’ची गोष्ट घ्या. फाइलीत ‘या नावाचा कोड अमुक जागी आहे’ एवढीच नोंद असते. त्याला दशांश संख्या लागते की पूर्णांक, किती लागतात, परत काय मिळतं, यातलं काही तिथे लिहिलेलं नसतं. ती माहिती हेडर फाइलीत होती. सीचा कंपायलर ती वाचून तपासणी करतो आणि मग ती सोडून देतो. सी प्लस प्लस निदान नावातच प्रकार गुंफून ठेवते, सी तेही करत नाही. म्हणजे पायथनमधून थेट लायब्ररी उघडणारा माणूस अशा घराशी जातो जिथे पाटीवर नाव आहे, पण आत कोण राहतं आणि काय मागतं हे कळायला मार्ग नाही. ते सांगायची जबाबदारी त्याच्यावर असते. त्याने खोटं सांगितलं तरी दार उघडतंच.

आता हे खोटं कसं दिसतं ते बघा. पायथनच्या सीटाइप्स या मॉड्यूलमध्ये प्रत्येक फंक्शनला दोन गोष्टी सांगता येतात. ‘आर्गटाइप्स’ म्हणजे आत काय जातं, आणि ‘रेसटाइप’ म्हणजे बाहेर काय येतं. रेसटाइप सांगितला नाही तर सीटाइप्स धरून चालतं की फंक्शन पूर्णांक परत करतं. ‘एसक्यूआरटी’ला आर्गटाइप्समध्ये दशांश संख्या सांगा, रेसटाइप विसरा आणि 2 चं वर्गमूळ मागा. 1.414 येत नाही. कसलाही अर्थ नसलेला एक पूर्णांक येतो. इंटेल-एएमडीच्या 64 बिट प्रोसेसरवर दशांश उत्तर एका प्रकारच्या रजिस्टरमध्ये ठेवतात आणि पूर्णांक उत्तर वेगळ्याच रजिस्टरमध्ये. फंक्शनने काम चोख केलं, उत्तर योग्य जागी ठेवलं. आपण दुसऱ्याच कप्प्यात हात घातला आणि तिथे आधीचं जे पडलं होतं ते उचलून आणलं. एरर आली नाही, इशारा आला नाही, प्रोग्राम पुढे गेला.

‘असा विचित्र आकडा कुणाच्याही लक्षात येईल,’ असं यावर म्हणतात. वर्गमुळाचा येईल, मान्य. फंक्शन पॉइंटर परत करत असेल तर? 64 बिट मशीनवर पॉइंटर आठ बाइटांचा असतो आणि सीटाइप्सने धरलेला पूर्णांक चार बाइटांचा. वरचे चार बाइट गळून पडतात. पत्ता लहान असेल, म्हणजे चार बाइटांत मावत असेल, तर काहीच बिघडत नाही आणि प्रोग्राम व्यवस्थित चालतो. मोठा असेल तर तुटलेला पत्ता घेऊन आपण दुसऱ्याच कुणाच्या मेमरीत शिरतो. लहान येणार की मोठा, हे ऑपरेटिंग सिस्टिम आणि पायथन कसं बांधलंय यावर ठरतं. लिहिणाऱ्याच्या कौशल्याचा त्यात काही वाटा नाही. ‘माझ्याकडे चालतंय’ याचा इथे अर्थ एवढाच, की माझ्याकडे आज पत्ता लहान आला.

ही सवय कुठून आली तेही सांगायला हवं. जुन्या सीमध्येच अशी मुभा होती: फंक्शन जाहीर न करता वापरलं तर कंपायलर समजायचा की ते पूर्णांक परत करतं. सीटाइप्स 2006 साली पायथन 2.5 बरोबर आलं तेव्हा घराघरांतली, ऑफिसांतली बहुतेक मशीनं 32 बिटांची होती. पूर्णांक चार बाइट, पॉइंटरही चार बाइट. चूक व्हायची, पण पोटात जिरायची. पुढे मशीनं बदलली. सीने तर ही मुभा 1999 च्या मानकातूनच काढून टाकली होती. जीसीसी कंपायलर बरीच वर्षं नुसता इशारा देऊन सोडून द्यायचा, त्याने 2024 च्या 14 व्या आवृत्तीपासून ती सरळ चूक ठरवली. ज्या भाषेला आपण जुनाट आणि धोकादायक म्हणतो तिने ही ढिलाई सोडली, आणि आधुनिक भाषेत लिहिणारे आपण ती अजून कवटाळून बसलो आहोत. याचं मला खरंच वाईट वाटतं.

मराठीत काम करणाऱ्यांना तर हे फार जवळून लागतं. ‘मराठी’ हाच शब्द घ्या. डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन. पायथनला लांबी विचारली तर 5 सांगतो, कारण तो म, र, काना, ठ, वेलांटी असे सुटे मोजतो. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणून सीच्या ‘एसटीआरलेन’ने 15 सांगायला हवं. आता काहीही जाहीर न करता, ‘दोन ओळी’वाल्यांच्या पद्धतीने, पायथनमधली ही स्ट्रिंग जशीच्या तशी ‘एसटीआरलेन’ला द्या. लिनक्सवर उत्तर येतं 2. तोच कोड विंडोजवर 10 सांगतो. दोन्ही चूक, आणि दोन्हीकडे एररचं नाव नाही.

याचं कारण असं. आपण काही सांगितलं नाही म्हणून सीटाइप्सने ती स्ट्रिंग ‘रुंद अक्षरांची’ समजून पाठवली. लिनक्सवर रुंद अक्षर चार बाइटांचं असतं. ‘म’ची ओळख दोन बाइटांत संपते, पुढचे दोन बाइट शून्य. ‘एसटीआरलेन’ पहिल्या शून्याला थांबतं, म्हणून 2. विंडोजवर रुंद अक्षर दोन बाइटांचं, आणि या शब्दातल्या एकाही चिन्हात शून्याचा बाइट नाही. म्हणून पाच चिन्हांचे पूर्ण 10 बाइट मोजून झाल्यावरच ते थांबतं. आता कुणी नाव ठेवायला पायथनची लांबी अधिक एक, म्हणजे सहा बाइटांची जागा सीला दिली, आणि सीच्या फंक्शनने शेवटच्या शून्यासकट सोळा बाइट लिहिले, तर उरलेले दहा बाइट शेजारच्याच्या अंगावर जातात. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली असेल तर हे कधीच दिसत नाही. ‘पी, यू, एन, ई’ चार अक्षरं, चार बाइट, सगळं जमून येतं. पहिलं मराठी नाव आलं की फुटतं, आणि मग ‘मराठीचा काहीतरी प्रॉब्लेम आहे’ असं म्हणून मराठीच काढून टाकली जाते. मी हे होताना पाहिलं आहे. दोष मराठीचा नव्हता, न लिहिलेल्या एका ओळीचा होता. आर्गटाइप्समध्ये ‘इथे बाइटांची स्ट्रिंग लागते’ एवढं लिहिलं असतं तर पायथनने त्याच जागी आर्ग्युमेंट एरर देऊन अडवलं असतं.

यावर पुढचा बचाव असा असतो: ‘पायथन सुरक्षित भाषा आहे, फार तर एक्सेप्शन येईल, पकडू.’ पायथनची सुरक्षितता हद्दीपर्यंत असते. पलीकडे सीचं राज्य आहे. तिथे चुकीच्या पत्त्यावर लिहिलं तर ‘ट्राय-एक्सेप्ट’ काही करू शकत नाही, कारण मरतो तो पायथनचा इंटरप्रिटर स्वतः. आणि लगेच मरतो असंही नाही. आधी दुसऱ्याच कुठल्या तरी डेटाची नासाडी होते, मग केव्हातरी भलत्याच ठिकाणी प्रोग्राम पडतो आणि तपास तिथून सुरू होतो.

हा तपास मी एकदा ऐन हंगामात केला आहे. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमचा पायथन प्रोग्राम होता. काट्याबरोबर सीमधली लायब्ररी आली होती. वजन स्थिर झालं की ती आपण दिलेलं फंक्शन उलट बोलवायची, ज्याला आम्ही कॉलबॅक म्हणतो. ऑफिसातल्या टेबलावर आम्ही ते तासभर चालवून पाहिलं होतं. कारखान्यात कधी वीस मिनिटं चालायचं, कधी तीन तास, आणि मग विंडो नाहीशी व्हायची. ट्रेसबॅक नाही, लॉगमध्ये ओळ नाही. बाहेर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या एकामागे एक उभ्या, काटा अडला की रांग रस्त्यापर्यंत. काट्यावरचे भाऊसाहेब हातात वही घेऊन वजनं लिहीत होते आणि मला एवढंच विचारत होते, ‘साहेब, आणखी किती वेळ?’

आम्ही लायब्ररी पुरवणाऱ्यांना दोष दिला. दोन दिवस त्यांच्याशी फोनवर वाद घातला. त्यांची लायब्ररी बरोबर होती. आम्ही पायथनचं फंक्शन सीटाइप्सच्या कॉलबॅकमध्ये गुंडाळून त्याच ओळीत लायब्ररीला दिलं होतं, आणि आमच्याकडे त्याची नोंद ठेवली नव्हती. ओळ संपली तेव्हा पायथनच्या दृष्टीने ती वस्तू कुणाच्याच उपयोगाची उरली नाही, म्हणून त्याने ती टाकून दिली. सीच्या लायब्ररीकडे मात्र पत्ता तोच. त्या जागेत दुसरं काही येऊन बसेपर्यंत सगळं सुरळीत चालायचं. बसलं की प्रोग्राम संपला. दुरुस्ती एका ओळीची होती, तो कॉलबॅक ऑब्जेक्टमध्ये धरून ठेवायची. आणि पायथनच्या अधिकृत दस्तऐवजात नेमका हाच इशारा लिहिलेला आहे. तो आम्ही वाचला नव्हता, कारण टेबलावर चालत होतं.

त्या दिवसापासून मी ‘टेस्ट पास झाल्या’ हे या हद्दीवर मान्य करत नाही. टेस्ट हव्यातच. पण टेस्ट तुमच्या मशीनवरच्या योगायोगांसकट पास होते. तारीख-वेळ ठेवणारं ‘टीएम’ हे स्ट्रक्चर घ्या. पुस्तकात नऊ पूर्णांक दिलेले असतात, म्हणून मुलं पायथनमध्ये नऊ रकाने लिहितात आणि जागा होते 36 बाइट. सीचं मानक मात्र म्हणतं की निदान हे नऊ असावेत. लिनक्सच्या जीलिबसीमध्ये आणखी दोन आहेत, एक टाइमझोनच्या फरकाचा, एक नावाचा, आणि 64 बिट मशीनवर सगळं मिळून होतात 56. तुम्ही दिलेल्या 36 बाइटांत लोकलटाइम-आर हे फंक्शन 56 बाइट भरतं आणि वेळ अगदी बरोबर दाखवतं. टेस्ट पास. वरचे वीस बाइट कुणाचे होते हे टेस्ट विचारत नाही.

असंच ‘लाँग’ या प्रकाराचं. 64 बिट लिनक्सवर आठ बाइट, 64 बिट विंडोजवर चार. असंच ‘प्रिंटएफ’सारख्या, कितीही किमती घेणाऱ्या फंक्शनांचं. ॲपलच्या नव्या प्रोसेसरांवर अशा फंक्शनच्या बदलत्या किमती स्टॅकवर जातात आणि ठरलेल्या किमती रजिस्टरमध्ये. हा फरक न सांगता केलेला कॉल इंटेलच्या मॅकवर बरीच वर्षं चालला आणि 2020 च्या शेवटी एम-वन आल्यावर कचरा छापू लागला. यातल्या एकाही ठिकाणी प्रोग्रामरने कोड बदलला नव्हता.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा मात्र प्रकारांचा नाहीच, मालकीचा आहे, आणि तिथे हेडर फाइलसुद्धा पुरत नाही. एसक्यूलाइटमध्ये प्रश्नचिन्हाच्या जागी मजकूर भरायला ‘बाइंड टेक्स्ट’ नावाचं फंक्शन आहे. त्याची पाचवी किंमत म्हणजे एक सरळ प्रश्न असतो: हा मजकूर तू सांभाळणार की मी? ‘ट्रान्झियंट’ म्हटलंत तर एसक्यूलाइट लगेच आपली प्रत काढतं. ‘स्टॅटिक’ म्हटलंत तर तुमच्यावर विश्वास ठेवतं आणि मजकूर लागेल तेव्हा तुमच्याच जागेतून उचलतं. ‘स्टॅटिक’ची किंमत शून्य आहे. पाचव्या किमतीचं काय करायचं हे न कळलेला माणूस तिथे शून्यच टाकतो. मग पायथनने तो मजकूर मधल्या वेळात टाकून दिला, तर टेबलात दुसऱ्याच कशाचे तरी बाइट जाऊन बसतात. प्रोग्राम पडला असता तर निदान कळलं असतं. इथे प्रोग्राम पडत नाही, नोंद खराब होते, आणि ती खराब नोंद बॅकअपमध्येही जाते. प्रकार सगळे बरोबर होते, आर्गटाइप्स पूर्ण लिहिले होते. दस्तऐवजातला तेवढा परिच्छेद वाचला नव्हता.

म्हणून ‘हेडर आणि दस्तऐवज वाचणं हे लायब्ररी लिहिणाऱ्यांचं काम, आपण वापरणारे’ या म्हणण्याला माझा ठाम नकार आहे. लिहिणाऱ्याने त्याच्या बाजूचा शब्द लिहून ठेवला आहे. तुमच्या बाजूचा शब्द तुम्ही देता. आणि हल्ली ‘एआयने बाइंडिंग, म्हणजे लायब्ररीला जोडणारा कोड, लिहून दिलं’ असं सांगितलं जातं, त्यालाही हेच लागू. ज्याने कुणी लिहिलं असेल, हेडरशी ताडून पाहणारं माणूस किंवा कंपायलर मध्ये असलाच पाहिजे.

दुसऱ्या टोकाला एक गट आहे, त्याचंही ऐकून घेऊ. हा गट म्हणतो, एवढी कटकट असेल तर सी फेकून द्या, सगळं रस्टमध्ये नाहीतर गोमध्ये लिहा. त्यांच्या भीतीला आधार आहे. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएल या सीमधल्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही सुरक्षेची चूक उघड झाली, तेव्हा त्या लायब्ररीवर उभे असलेले पायथन, रूबी, पीएचपीचे सर्व्हरही उघडे पडले. पण एसक्यूलाइटच्या मूळ कोडच्या शेकडो पट मोठा कोड फक्त त्याच्या चाचण्यांचा आहे. तेवढी वर्षं, तेवढ्या चाचण्या कुठून आणणार? नवी भाषा घेतली तरी ऑपरेटिंग सिस्टिमशी, ग्राफिक्सशी, काट्याशी आणि प्रिंटरशी बोलायला शेवटी सीच्याच दरवाजाशी यावं लागतं. हद्द टळत नाही, पुढे सरकते.

आणि त्या सुरक्षित भाषांच्या कर्त्यांनी हद्दीबद्दल काय केलंय ते बघण्यासारखं आहे. रस्टमध्ये बाहेरचं फंक्शन कॉल करताना ‘अनसेफ’ लिहावं लागायचं, पण ते जाहीर करताना लागत नसे. फेब्रुवारी 2025 मध्ये आलेल्या 2024 आवृत्तीपासून जाहीर करण्याच्या ठिकाणीही ‘अनसेफ’ लिहिणं सक्तीचं झालं. कारण चूक बहुधा तिथेच होते, घोषणेतच. जावाने मार्च 2024 च्या 22 व्या आवृत्तीत सीशी बोलण्याची नवी सोय पक्की केली, आणि तिचे धोक्याचे भाग वापरायला प्रोग्राम चालवतानाच वेगळी परवानगी द्यावी असं ठेवलं. न दिल्यास इशारा येतो. हे लोक सीला घाबरून पळालेले नाहीत. हद्द कुठे आहे ती त्यांनी कोडमध्ये दिसेल अशी आखली, आणि तिथे सही कुणाची हे विचारायला सुरुवात केली. ‘दोन ओळी’वाले नेमकी हीच हद्द पुसून टाकतात. त्यांचा कोड वाचणाऱ्याला कळतही नाही की या कंसापाशी पायथन संपलं.

मग करायचं काय? जिथे जमेल तिथे घोषणा हाताने लिहूच नये. पायथनसाठीच्या सीएफएफआय या साधनाची एक पद्धत आहे ज्यात बाइंडिंग खऱ्या हेडरसकट सीच्या कंपायलरमधून जातं, आणि तुमची घोषणा हेडरशी जुळली नाही तर तो तिथेच ओरडतो. सायथन आणि पायबाइंड-11 मध्येही कंपायलरच साक्षीला असतो. रस्टसाठी बाइंडजेन आणि जावासाठी जेएक्स्ट्रॅक्ट हेडर वाचून घोषणा तयार करून देतात. यात दोन ओळींच्या जागी अर्धा दिवस जातो, बांधणीची एक पायरी वाढते, हे खरं आहे. वजनकाट्यावर आमचे चार दिवस गेले होते.

सीटाइप्सच वापरायचं असेल, आणि छोट्या कामाला ते चांगलं साधन आहे, तर सगळे कॉल एका फाइलीत ठेवा. प्रत्येक फंक्शनचे आर्गटाइप्स आणि रेसटाइप लिहा, पूर्णांक परत करणाऱ्याचाही लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की तो विचार करून ठेवलाय, राहून गेलेला नाही. फंक्शन काहीच परत करत नसेल तर रेसटाइप ‘नन’ ठेवा. पॉइंटर आला की त्याशेजारी लिहा की तो कुणाचा, कधीपर्यंत टिकतो आणि कुणी मोकळा करायचा. ज्याने मेमरी दिली त्याच्याच फंक्शनने ती परत करा. विंडोजवर दोन डीएलएलची मेमरी वेगवेगळी असू शकते, एकाची घेतलेली दुसऱ्याने सोडली तर तिथेच गडबड. स्ट्रक्चर लिहिलंत तर त्याचं माप सीच्या ‘साइझऑफ’शी जुळतं का हे प्रोग्राम सुरू होतानाच तपासा. कॉलबॅक धरून ठेवा. आणि चाचणीत एक तरी मराठी नाव घाला, जोडाक्षराचं.

वरिष्ठांना माझी वेगळी विनंती आहे. कोड तपासताना ‘चालतंय का’ हा प्रश्न या हद्दीवर विचारू नका. ‘हेडरमधली ओळ दाखव’ म्हणा. पोरं सुरुवातीला कुरकुर करतील, मग स्वतःच दाखवू लागतील. माझ्याकडे लागली.

तुमच्या कामाच्या कोडमध्ये सीटाइप्स असेल तर आज घरी जाण्याआधी एवढं करा. जितकी फंक्शनं कॉल केली आहेत ती मोजा, आणि त्यातल्या कितींचा रेसटाइप लिहिला आहे ते मोजा. दोन आकडे जुळले नाहीत, तर मधल्या फरकाची यादी करा आणि उद्या सकाळी हेडर फाइल उघडून पहिल्या नावापासून सुरू करा.